आखाजीला डफडं नको

३ एप्रिल २०२५, गुरुवार

ही वही मी हौसेनं लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दिपालीची अट आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी ती काजलला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. काल कुठं फोन उचलला, तोही चौथ्यांदा लावल्यावर. म्हणाली, "राग उना का लिखी ठेव. हात उचलानं नही, कोनवरबी नही. आखाजीले वही आन, मी वाची दखसू. मंग ठरावसू." बारावी झालेली बायको केली की असं होतं. चाळिशीला आलेल्या नवऱ्याला गृहपाठ!

तर पहिल्याच पानावर खरं काय ते लिहितो, कारण तिकडं काहीबाही सांगितलं जातंय. होळीला मी पितळी तांब्या फेकला तो भिंतीवर फेकला होता. ती मधे आली. भुवईला पाच टाके पडले. काजल तिथं नव्हती. म्हणजे होती, पण दारात होती.

तिचं माहेर करजवाडे गोमाईच्या पलीकडच्या काठावर, आमचं टेंभेपुरी अलीकडे. माझ्या केळीतून सासऱ्याच्या घराचे पत्रे दिसतात. बायको-पोर इतकी जवळ, आणि मी सुंदरकाकूच्या हातची भाकर खातोय. काकू वाढते आणि वर बोलते. आज म्हणाली, "तू कीबोर्ड कितला गोड वाजाडस रे लखन, आनि तोंड?" मी ताट सरकवून उठलो. ताट फेकलं नाही, याची नोंद घ्यावी.

७ एप्रिल, सोमवार

ब्राह्मणपुरीला लग्न वाजवलं. नवरदेवाचा मामा पिऊन आला नि माझ्या कीबोर्डवर नोट चिकटवायला लागला, थुंकी लावून. मी म्हटलं, काका, हात काढा. त्यानं सगळी बोटं एकदम पट्ट्यांवर आपटली. डोक्यात जाळ झाला. स्टँडचा लोखंडी पाय हातात आला होता, खरं सांगतो. मग वही आठवली. प्लास्टिकच्या खुर्चीला लाथ घातली, ती तीन तुकडे होऊन मंडपात गेली. मामानं बोटं उचलली. खुर्ची म्हणजे काही माणूस नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज एक मोठं काम अंगावर घेतलं. छाती भरून आलीय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या दोन गावांत बार होतो. दुपार कलली की इकडच्या बाया गौराई घेऊन अलीकडच्या काठावर उभ्या राहतात, तिकडच्या पलीकडच्या काठावर, मधे शंभर-दीडशे पावलांचं कोरडं पात्र आणि पाण्याची एक धार. आणि मग गाण्यातून शिव्या. कुणाची व्याहीण, कुणाची सून, कुणाचा जावई, कुणाला सोडत नाहीत. पुरुषांनी झाडाखाली पत्ते कुटायचे, ऐकू येत नाही असं दाखवायचं. सूर्य बुडायला आला की संपलं. त्याचा राग घरी न्यायचा नाही, असा जुना नियम.

आमच्या बाजूनं गाते सुंदरकाकू, आणि डफडं वाजवतात भटूबाबा. चाळीस वर्षं तेच. आज काकूच्या ओट्यावर सराव होता, म्हणून ऐकायला बसलो. काकूनं सुरू केलं:

"पल्याडनी व्याहीन, चुल्हामोरे झोपनी,
पोळी करपनी तरी म्हने गोडी लागनी..."

पुढच्या ओळीत त्या व्याहिणीचं नाव आलं, आणि नेमकं तिथंच भटूबाबानं डफड्यावर असा दणका हाणला की नावाचा चुराडा झाला. पुढच्या कडव्यातही तेच. जिथं नाव तिथं दणका. बाया मात्र खदखदून हसतात. मी म्हटलं, "बाबा, शब्दावर काब्र ठोकतस? नावच ऐकू येत नाही तर मजा काय?"

भटूबाबा डफडं चुलीच्या धगीवर शेकत होते. म्हणाले, "नाव गावानं, पन आयकाडानं नही, भो. नाव डफडामा जिरी जावाले पाहिजे."

म्हातारपणी माणूस बेताल होतो नि त्याला शास्त्र म्हणतो. मी सरळ सांगितलं, यंदा बार माझ्या कीबोर्डवर. बँडचे दोन स्पीकर ट्रॉलीवर आणतो, माइक लावतो. करजवाड्याला एकेक अक्षर ऐकू जाईल. तरण्या बायांनी टाळ्या पिटल्या.

१५ एप्रिल, मंगळवार

सराव. भटूबाबा डफडं घेऊन हजरच. मी ऱ्हिदम लावला, काकूनं धरलं, आणि हे बाबा मधेच आपले नावावर ढाण्! माझा ताल एका लयीत चाललाय, त्यात हा खड्डा. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा हात मारून डफडं त्यांच्या मांडीवरून उडवलं. ओट्याखाली जाऊन पडलं, कडेला चीर गेली. डफड्याला हात मारला, बाबांना नाही. सगळ्यांनी पाहिलंय.

ते खाली उतरले, डफडं उचललं, फुंकर मारून माती झाडली. म्हणाले, "तुन्हा हातमा लई जोर शे, लखन." बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

गाणं काय बदललंय! बारा वर्षं वाजवतोय, पण असा फरक पाहिला नव्हता. डफड्यावर ते गाणं लंगडत चालायचं. ओळ म्हणायची, थांबायचं, हसायचं, मग पुढची. कीबोर्डचा ताल कुणासाठी थांबत नाही. काकूला हसायला जागाच मिळत नाही, त्यामुळे तिला पुढची ओळ फेकावी लागते, त्याच्यापुढची आणखी जोरात. आज तिचा आवाज चिरत होता. व्याहिणीची तीच करपलेली पोळी, पण आज ऐकून अंगावर काटा आला. एरवी बाया एकमेकींच्या मांडीवर थापा मारत हसतात, आज दात ओठ खाऊन म्हणत होत्या. मोहिनी नावाची शेजारची सून तर मुठी वळून उभी राहिली.

काकू मधेच बसली. म्हणाली, "हाई गानं मन्हं नही राहिनं रे. हाई मन्हा आंगवर येस." मी म्हटलं, यालाच जोर म्हणतात.

२२ एप्रिल, मंगळवार

शहाद्याच्या बाजारात मिथुन भेटला. दिपालीचा भाऊ, माझा एकुलता एक साला. चार लोकांत, उसाच्या रसाच्या गाडीवर, म्हणतो कसा, "काय पंडित, वही भरनी का? का शाई सरनी?" गाडीवाल्यासकट सगळे हसले. म्हणजे तिनं घरभर सांगितलंय!

हात उचलला नाही. रसाचा ग्लास मुठीत फुटला. तीन बोटं कापली, डावा हात आहे म्हणून निभावलं. मिथुन म्हणाला, "दख, रगत निंघनं." मी मोटारसायकलला किक मारली नि थेट गोमाईपर्यंत एकाच गिअरमध्ये आलो.

घरी येऊन कडवं बांधलं. दोन मिनिटांत झालं, रक्त पुसायच्या आत.

"धनी टाकी बसनी माहेरना वटावर,
दिपाली वो, तुन्हं मन कोन्हा खाटावर?"

दिपाली, हे तू वाचशील तेव्हा हसशील. ही बाराची शिवी आहे, बाराच्या शिवीचा राग धरत नाहीत. पण मिथुनच्या कानात चांगलं शिसं ओतलं जाईल की नाही? बहिणीला ओट्यावर बसवून ठेवतो म्हणजे काय! चारचौघांत एकदा शोभा झाली की आपण होऊन सोडायला येईल. तुला पण घरी यायला निमित्त मिळेल.

२६ एप्रिल, शनिवार

काजलचा फोन. सातवं लागलंय, पण बोलते सत्तर वर्षांच्या बाईसारखी. "पप्पा, आखाजीले गौराईनी घागर मी धरनार शे, सर्वास्ना मोरे." मी म्हटलं, वा! मग पुढंच उभी राहा, म्हणजे पप्पाचं वाजवणं नीट ऐकू येईल. ती म्हणाली, "आपन जोरमा नका वाजाडज्यात. मम्मीनं डोकं दुखस." तांब्याचं नाव कुणीच काढलं नाही, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ केळीच्या बांधावर बसून राहिलो. रडू आलं. रागाशिवाय दुसरं काही लिहायची या वहीत सोय नाही, तरी लिहिलं.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी भटूबाबा घरी आले. चहा घेतला नाही. काकूनं त्यांना माझं कडवं सांगितलं होतं.

म्हणाले, "नवी ओळ चांगली बांधेल शे. मी वाजाडस तिले. तू म्हनशी तठे थाप टाकसू, तुन्हा तालमा बसाडसू. पन तिन्हं नाव उघडं टाकू नको."

मी म्हटलं, बाबा, जुनं झालं ते. आता लोकांना स्पष्ट लागतं.

"पल्याडन्या बायास्ले माहीत ऱ्हास कोनं नाव उनं. पन आयकू नही उनं म्हनीसन हासता येस. आयकू उनं तर भांडनच करनं पडस ना, भो?" आणि मग, जाता जाता, "बार मोडानी थापबी मन्हीच शे. तीन डाव वाजाडी का बाया घर जातस. ती कोन वाजाडी?"

मी हसलो. माइकवर सांगू की संपलं म्हणून. त्यात काय एवढं!

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

आज लिहवत नाही. सदऱ्यावर रक्त आहे. माझं नाही.

१ मे, गुरुवार

क्रमानं लिहितो.

चारच्या सुमारास ट्रॉली पात्रात उतरवली. स्पीकर पलीकडे तोंड करून. करजवाड्याच्या बाया आल्या, त्यांचं एकच डफडं होतं. पुढं काजल, डोक्यावर घागर, हिरवं परकर-पोलकं. मागं दिपाली. महिना-दीड महिन्यानं पाहिली. भुवईची खूण इतक्या लांबून दिसत नव्हती, ती दिसतेय असं मीच धरून चाललो.

सुरुवातीला मजाच. त्यांचं एक कडवं, आमचं एक. पण आमचं कडवं गेलं की तिकडं हसू येईना. व्याहिणीचं नाव स्पीकरवरून असं गेलं की काठावरची कुत्री उठून बसली. ती व्याहीण, मीनाबाई नावाची भली म्हातारी, पदर तोंडाला लावून मागं सरकली. त्यांच्या बाया मोठमोठ्यानं ओरडू लागल्या. मला वाटलं, रंगात आलं.

मग माझं कडवं. काकूनं पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीत नाव आलं आणि काकू तोंड उघडून थांबली. चाळीस वर्षांची सवय. तिथं दणका पडायचा, त्याच्या आडोशानं नाव जायचं. दणका पडला नाही. ताल पुढं पळाला. ती मान हलवून माइक खाली करायला लागली, तर मी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला नि स्वतः गायलो. बारात पुरुष गात नाही, माहीत आहे मला. गायलो. नाव ओढून, खर्जात, खाटेसकट.

दिपाली जागची हलली नाही. घागर मात्र फुटली. काजलनं टाकली का तिच्या हातून सुटली, समजलं नाही.

पहिला दगड मिथुनचा. तो स्पीकरला लागला. दुसरा काकूच्या तोंडावर. तिचे पुढचे दोन दात तिच्याच ओंजळीत पडले, आणि ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग पत्ते टाकून सगळे पुरुष उतरले. गोमाईत दगडांना काय तोटा! मोहिनीचा गुडघा फुटला. तिकडच्या एका बाईचा कान लोंबत होता, ती तसाच धरून शिव्या देत होती. पोरं किंचाळत होती. आणि या सगळ्यावर कीबोर्डचा ऱ्हिदम चालूच, लग्नातला, नाचायचा. मी बंद केला नाही. मी तिथं नव्हतोच, मी पाण्यापाशी पोचलो होतो. त्या तालावर माणसं दगड मारत होती. मी डोळ्यांनी पाहिलं, हात तालात उठत होते.

भटूबाबा तेव्हा पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात मधोमध उभे राहून चिरलेलं डफडं वाजवत होते. बार मोडायची थाप. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्यांचा हात पडताना दिसत होता, आवाज येत नव्हता. माझ्या स्पीकरपुढं तो कुणालाच ऐकू गेला नाही.

त्यांना दगड लागला. कानाच्या वर. दोन्हीकडून येत होते, कुणाचा ते सांगता येत नाही. ते बसले, मग आडवे झाले. मी त्यांना उचललं, म्हणून सदऱ्यावर रक्त.

२ मे, शुक्रवार

काल शेवटी खोटं लिहिलं.

दगड माझा होता. मिथुन समोर होता, त्याच्यावर नेम धरला. बाबा मधे आले, असं लिहायला हात वळवळतोय. बाबा मधे आले नाहीत. ते आधीपासून तिथंच उभे होते, मला दिसत होते. मी थांबलो नाही.

४ मे, रविवार

भटूबाबा गेले. नंदुरबारच्या दवाखान्यात, सकाळी सातला. शुद्धीवर आलेच नाहीत. त्यांची म्हातारी घरात डफड्याशेजारी बसून आहे. रडत नाही. मी पाया पडायला गेलो तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला कुणी सांगितलेलं नाही.

५ मे, सोमवार

आज दोन्ही गावांची बैठक झाली. आमच्याकडून मोतीलाल अण्णा बोलले, तिकडचे शांतीलाल सरपंच बोलले. बारात लागलेल्याची फिर्याद आजवर कुणी केली नाही, यंदाही नाही. पोलीस आले तर सांगायचं, म्हातारा माणूस, शेवाळावरून पाय घसरला, खडकावर पडला. काकूचे दात? ओट्यावरून पडली. मिथुनसुद्धा मान हलवत होता. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही, आणि सगळ्यांना माहीत होतं.

मी घरी येऊन गटागटा पाणी प्यायलो. सुटलो, असंच वाटलं. लाज वाटली, पण सुटलो हे आधी वाटलं. अण्णांनी दारात येऊन सांगितलं, "तू आपलं तोंड बंद ठेव. गाव दखी ली."

७ मे, बुधवार

हे मारुतीच्या पारावर बसून लिहितोय. समोर शिपाई उभा आहे. जीप गावाबाहेर अडकलीय, केळीचा ट्रक रस्त्यात आडवा झालाय म्हणून.

सकाळी दहाला जमादार आला. पारावर सतरंजी टाकली, दोन्ही काठांची माणसं बसली. एकेकाला विचारायचा, एकेक जण सांगायचा: घसरला. अण्णा: घसरना साहेब. सरपंच: वय झालं होतं. काकूनं सुजलेल्या तोंडावर पदर धरून नुसती मान हलवली. मिथुन: मी लांब होतो. जमादाराला कळत होतं, पण लिहिणार काय? तो टोपण लावायला लागला.

तेव्हा बायांच्या मागून दिपाली उठली. काजल तिचा पदर धरून होती, तिचा हात तिनं सोडवला नि मीनाबाईच्या हातात दिला. मला वाटलं माझ्याकडं येतेय. देवाशपथ, मी सरकून जागा केली. वही मांडीवरच होती. महिनाभर हिच्यासाठीच लिहिलं.

ती जमादारापुढं जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतलेला, भुवईवरची खूण उघडी.

"दगड मी दखा," ती म्हणाली. "मी समोर व्हतू."

मिथुन उठला, "दिपा, बस खाले." अण्णा खाकरले. मग आणखी दोघं खाकरले, कुणी मुद्दाम पोराला हाक मारली, कुणी सतरंजी झटकली, सगळा पार एकदम आवाज करायला लागला. ती थांबली. आवाज ओसरेपर्यंत उभी राहिली. जमादारानं विचारलं, "कोणी मारला?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. अकरा वर्षांत तिनं माझं घेतलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं, तेही इतकं हळू की सासूनं पुन्हा घ्यायला लावलं. बाजारात हाक मारायची तर "काजलना पप्पा" म्हणायची. आज एक शब्द न अडखळता म्हणाली, "लखन छगन पाटील."

जमादारानं पुन्हा विचारलं, नातं काय? तिनं तेही सांगितलं. मग काकूनं पदर काढला, त्या तुटक्या तोंडानं म्हणाली, "हाऊच. मीबी दखा." मग भटूबाबाची म्हातारी माझ्याकडं बघायला लागली, आणि मी तिच्याकडं बघू शकलो नाही. राग आला नाही. नुसती भीती वाटली, लहानपणी विहिरीत ढकललं होतं तशी.

जमादार पेन हातात घेऊन बसला होता. बाई, विचार करून सांगा, नवरा आहे तुमचा, असं काहीसं म्हणाला. दिपालीनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. ती त्याच्या कागदाकडं बघत होती.

"विचार करी लिधा मी," ती म्हणाली. "लिखी ल्या."